एका रिंगची वही

अंबुबाई ‘पुढच्या महिन्यात सोडते’ असं तीन वर्षं म्हणत होत्या आणि तीन वर्षं ते कोणी मनावर घेत नव्हतं. गेल्या डिसेंबरात मात्र त्यांनी तारीखच सांगितली. एकतीस. मग संस्थेत धावपळ उडाली, कारण बाई नेमकं काय काय करतात हे कोणालाच धड ठाऊक नव्हतं. ते शोधून काढायचं आणि त्या गेल्यावरची सोय लावायची, हे काम माझ्याकडे आलं. मी ते कसं केलं तेच सांगायला बसलोय. त्यात माझी शोभा होणार आहे, पण होऊ दे.

मी श्रीकांत, मूळचा नाशिकचा. बंगळुरात एका सरकारी कारखान्यात चौतीस वर्षं सर्किटं जुळवली. निवृत्त झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावून त्यांवर क्रमांक चिकटवले, तेव्हा प्रेमानं, म्हणजे माझ्या बायकोनं, हात जोडले आणि म्हणाली, “बाहेर जाऊन काहीतरी समाजकार्य करा.” राजाजीनगरात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर एका वह्यापुस्तकांच्या दुकानाच्या वर ही संस्था होती. जिना चढून गेलं की दोन खोल्या. मागडीच्या पलीकडच्या खेड्यांतल्या मुलामुलींसाठी त्यांची केंद्रं चालायची. दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी खो-खो, वाचनालय, थोडं कॉम्प्युटर, आणि कोणी अडचणीत असलं तर फोन करायला एक नंबर. मी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी जायचो, दोन तास बसायचो आणि सगळ्यांना सूचना करायचो.

अंबुबाई तिथं चौदा वर्षं होत्या. वय एकसष्ट, दोन्ही गुडघे गेलेले, खांद्याला कायम एक कापडी पिशवी. माहेर बंगळुरातल्याच शिवाजीनगरातलं, शिंप्याचं. लग्नाआधी बापाच्या दुकानात बसून त्या कोटांची काजं करायच्या. घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इथं आलं, असं त्या सांगत. मी एकदा विचारलं, याला कागद काय? तर म्हणाल्या, “आमी हाव की इथं. कागद कशाला?” त्यांचं मराठी ऐकून मला सुरुवातीला हसू यायचं. एका वाक्यात दोन शब्द मराठी, एक कानडी, आणि चाल सगळी कानडी. मी ‘बंगळूरमध्ये मला पस्तीस वर्षं झाली’ म्हणालो की त्या म्हणायच्या, “म्हणजे काल आलात, अण्णा.” या काल आलेल्या माणसाचं कानडी अजून ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, यांच्या पुढं गेलेलं नव्हतं, हे त्या दोघींनाच माहीत होतं. दुसरी म्हणजे आमची भाजीवाली.

तर बाई काय करतात हे मला शोधायचं होतं. माणूस समोर बसलेला असताना त्याला विचारावं, एवढी साधी गोष्ट. पण आम्हा लोकांना नोंदी लागतात. मी त्यांच्या टेबलावरच्या जुन्या बटनांच्या फोनचे दोन वर्षांचे तपशील मागवले, घरी आणले आणि चष्मा पुसून बसलो. आणि मला घबाड सापडलं. दर बुधवारी आणि शनिवारी, संध्याकाळी सहा ते सातच्या दरम्यान, तेच अकरा नंबर. प्रत्येकाचा एक मिस्ड कॉल. आणि एकालाही उत्तर नाही. एकदाही नाही!

“बघ,” मी प्रेमाला म्हणालो, “खेड्यातली पोरं अडचणीत फोन करतात, पैसे नसतात म्हणून मिस्ड कॉल देतात, आणि बाई उचलतही नाहीत आणि उलट फोनही करत नाहीत. दोन वर्षं!”

“त्यांना विचारलंत का?” प्रेमा म्हणाली.

“नोंदी खोटं बोलत नाहीत,” मी म्हणालो. हे वाक्य मला आजही झोपताना आठवतं आणि कूस बदलावी लागते.

त्याच आठवड्यात अंबुबाई व्हाइटफील्डला मुलाकडे गेल्या होत्या. मुलगा यशोवर्धन तिथल्याच एका कंपनीत आहे. आईनं आता नातीला सांभाळत घरी बसावं म्हणून तो केव्हापासून मागं लागलेला. निवृत्तीची रंगीत तालीम म्हणून बाई आठवडाभर राहून बघणार होत्या. मला वाटलं, बरंच झालं, परत येतील तेव्हा सगळं सुरळीत झालेलं असेल. संस्थेला मदत देणाऱ्या कंपनीत मुकुल नावाचा आपला पुण्याचा मुलगा होता. त्यानं मला एक यंत्रणा मिळवून दिली. जुना नंबर तिकडे वळवायचा. मिस्ड कॉल आला की तीस सेकंदांत यंत्रणा आपण होऊन उलट फोन करणार, एका मुलीच्या गोड आवाजात कानडीतून विचारणार, काय अडचण आहे, त्याप्रमाणे आकडा दाबा. शुक्रवारी संध्याकाळी ती सुरू झाली. शनिवारचे अकराच्या अकरा मिस्ड कॉल यंत्रणेनं उलट फोन करून निकालात काढले. सोमवारी मुकुलचा फोन आला. “काका, ऑसम! रिस्पॉन्स रेट झीरोवरून हंड्रेड! मी हे प्रेझेंटेशनमध्ये टाकतोय.” मी दोन दिवस जमिनीपासून वीतभर वर चालत होतो.

बुधवारी बाई परत येणार म्हणून मी मुद्दाम संध्याकाळी गेलो. त्यांना पडद्यावर आलेख दाखवायचा होता.

सहाला पाच मिनिटं होती. अंबुबाई टेबलाशी बसल्या होत्या, पुढ्यात शंभर पानी वही उघडलेली, हातात पेन, आणि नजर त्या जुन्या फोनवर. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. फोन गप्प. त्यांनी तो उचलून हलवून पाहिला, पुन्हा ठेवला.

“फोनला काय झालाय, अण्णा? एक रिंग नाही.”

“अहो, ते सगळं आता इकडे येतं,” मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “तुम्हाला काही करायला नको. कोणीही मिस्ड कॉल दिला की अर्ध्या मिनिटात उलट फोन जातो.”

“कोणाला?”

“ज्यानं दिला त्याला.”

“आणि काय म्हणतो?”

मी अभिमानानं ती कानडी मुलगी वाजवून दाखवली. नमस्कार, तुम्ही आमच्या सहाय्यवाणीशी संपर्क साधला आहे. घरात कोणी मारहाण करत असेल तर एक दाबा. मनाविरुद्ध लग्न ठरवलं असेल तर दोन दाबा. पुढं आणखी सहा पर्याय होते. अंबुबाईंनी ते ऐकले नाहीत. त्यांनी कपाळाला हात लावला होता.

“अण्णा,” त्या म्हणाल्या, “तो मुलींचा फोन नाही हो. ते सगळे बापांचे फोन.”

मला कळेना. मग त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. रेघा मारून रकाने केलेले, डावीकडे अकरा मुलींची नावं, वर तारखा, आणि प्रत्येक चौकोनात एक बारीक बरोबरची खूण. दोन वर्षं. त्या नव्हत्या तो गेला शनिवार सोडला तर एकही चौकोन रिकामा नाही.

केंद्र सुरू झालं तेव्हा तिथं फक्त मुलगे यायचे. मुलींना कोणी सोडेना, कारण परतताना अंधारून येतं आणि वाट तळ्याच्या बांधावरून. अंबुबाई घरोघरी गेल्या. खेळानं तब्येत सुधारते वगैरे त्या बोलल्या नाहीत. त्यांनी बापांना एवढंच विचारलं, भीती कसली वाटते? एक जण म्हणाला, पोरगी आली नाही तर मी कोणाला विचारू? तुम्ही तर शहरात. त्यावर बाई म्हणाल्या, ती घरी पोचली की तूच मला एक रिंग दे. मी उचलणार नाही, तुझा पैसा जाणार नाही. सात वाजेपर्यंत रिंग आली नाही, तर मी फोन करून करून गाव उठवीन. झालं. एकानं पाठवली, मग दुसऱ्यानं, अशा अकरा झाल्या. जे बाप बाईंशी तोंडानं धड बोलत नव्हते, ते आठवड्यातून दोनदा न चुकता रिंग द्यायला लागले. पोरगी आली. खूण करा.

“मला का नाही सांगितलंत कधी?” मी विचारलं.

“तुमी कधी विचारलात?” त्या म्हणाल्या. चिडून नाही. चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आमची आई म्हणायची, आणि म्हणताना माझ्याकडेच बघायची. मी तिथल्या तिथं वळवलेला नंबर परत आणला. जुना फोन जिवंत झाला आणि पाठोपाठ पाच रिंगा आल्या. बाईंनी पाच खुणा केल्या. सहा चौकोन रिकामे राहिले. मग केंद्रावरच्या भव्याचा फोन आला. ही त्याच भागातली मुलगी, खो-खो शिकवते. आज सहा जणी आल्याच नाहीत, ती म्हणाली. पवित्राही नाही. आणि गावात काय झालं ते तिनं सांगितलं.

पवित्रा सोळा वर्षांची, संघाची कॅप्टन. एकवीस तारखेला जिल्ह्याची निवड होती. त्यात ती निवडली गेली असती तर बंगळुरात क्रीडा वसतिगृहात राहून पुढं शिकण्याची वाट उघडली असती. तिच्या बापाची, नंजप्पाची, गावात नाचणी दळायची गिरणी आहे. सहा महिने खपून अंबुबाईंनी त्याला ‘बघू’ या शब्दापर्यंत आणलं होतं. त्या शनिवारी पोरगी घरी आली, नंजप्पानं गिरणीतूनच रिंग दिली आणि फोन वजनकाट्यावर ठेवला. समोर चार-पाच जण पोती घेऊन उभे. अर्ध्या मिनिटात फोन वाजला. दोन वर्षांत त्या नंबरावरून कधी फोन आला नव्हता. नक्की काहीतरी वाईट झालं असणार म्हणून त्यानं गिरणी बंद केली आणि सवयीप्रमाणे स्पीकर लावला. गिरणी थांबल्यावर जी शांतता होते, त्या शांततेत आमची गोड आवाजाची मुलगी बोलली. घरात कोणी मारहाण करत असेल तर एक दाबा.

पोतीवाल्यांतला एक म्हणाला, “दाब की नंजप्पा. एक का दोन?” बाकीचे हसले.

अंबुबाई दुसऱ्या दिवसापासून निघाल्या. मागडी रोडवरून सकाळची बस, पुढं टेम्पो, पुढं पायी. चार दिवसांत पाच घरं केली. प्रत्येक घरी तेच सांगायचं, की ते यंत्र होतं, ते कोणालाही तेच विचारतं, तुमच्याबद्दल कोणी काही बोललेलं नाही. रोज संध्याकाळी ऑफिसात येऊन त्या गुडघ्यांना तेल चोळत बसायच्या. मी कॉफी आणून द्यायचो. दुसरं काय करणार? दहा ठिकाणी सूचना करणारा माणूस मूग गिळून बसला होता. पाच बाप कुरकुरत का होईना, तयार झाले. सोमवारी त्या म्हणाल्या, “आज नंजप्पा. तुमी चला.”

“मी? माझं कानडी...”

“माफी मागायला किती कानडी लागतो?”

गिरणीच्या अंगणात पावट्याच्या शेंगांचा ढीग पडला होता, मागडीकडे त्या दिवसांत घरोघरी असतो तसा. दोन बायका सोलत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सोलायला लागल्या. ज्या गावात अनोळखी माणसालाही कॉफी घेतल्याशिवाय उठू देत नाहीत, तिथं आम्हाला कोणी बसा म्हटलं नाही. आत पवित्रा पोत्यांची तोंडं शिवत होती. लांब पायांची, सडसडीत मुलगी. तिनं मान वर केली नाही. तिचे खेळायचे बूट लेसला लेस बांधून भिंतीवर उंच खिळ्याला टांगलेले होते. तिचा हात पोचणार नाही इतके उंच ते नव्हते, पण तिथं टांगणारा कोण होता हे कळत होतं.

नंजप्पा पट्ट्याशेजारी उभा होता, भुवयांवर पीठ. मी पुढं होऊन म्हणालो, “तप्पायितु.” चूक झाली. बसमध्ये अंबुबाईंनी घोकून घेतलेला शब्द. मग तेवढाच येत असल्यामुळं पुन्हा म्हणालो, “तप्पायितु.”

त्यानं गिरणी बंद केली. माझ्याशी नाही, अंबुबाईंशी बोलला, कानडीत, अगदी हळू. बाई मला मराठीत सांगत गेल्या.

“दोन वर्षं रिंग दिली म्हणतो. तापानं पडलो होतो तेव्हापण दिली. तुमी एकदापण उलट फोन केला नाही. मला वाटायचं, या बाईला माझ्यावर विश्वास हाय. माझा शब्द पुरतो तिला. आणि मग मलाच विचारलात, मारतो का म्हणून. गावासमोर.”

मला सांगायचं होतं की तो प्रश्न सगळ्यांनाच असतो, खरोखर मार खाणाऱ्या मुली असतात, त्यांच्यासाठी तो ठेवावाच लागतो. हे सगळं खरं होतं. अंबुबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी तोंड मिटलं.

“निवडीला पाठवशील का?” त्यांनी त्याला विचारलं. एवढं मला कळलं. त्याचं उत्तरही कळलं. त्यानं कळ दाबून गिरणी सुरू केली.

परतीच्या बसमध्ये अंबुबाई खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. सुंकदकट्टेच्या रहदारीत बस अर्धा तास उभी होती. मला वाटलं, झोप लागली. मग डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, “दमले हो अण्णा. एक मुलगी घराबाहेर काढायला दोन वर्षं. परत आत घालायला अर्धा मिनिट.” आणि थोड्या वेळानं, “तुमच्यावर राग नाही. राग करायलापण ताकद लागते.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी ते लपवलं नाही, कारण त्या बघत नव्हत्या.

एकवीस तारीख आली आणि गेली. निवड झाली. पवित्रा गिरणीत होती.

आणि मग एकतीस तारीख, बुधवार. संस्थेनं निरोपाचा छोटासा कार्यक्रम केला, म्हैसूरपाक आणि शाल. मुकुलनं कंपनीतर्फे एक भलामोठा पुष्पगुच्छ पाठवला, त्यावर ‘रिटायरमेंटच्या शुभेच्छा’ असं छापलेलं. यशोवर्धन सहा वाजता गाडी घेऊन येणार होता. मात्र सातपर्यंत टेबल सोडणार नाही, असं बाईंनी बजावलं होतं. वही आजपासून माझ्याकडे येणार होती. मी शेजारी खुर्ची ओढून बसलो, नव्या नोकराप्रमाणे.

रिंगा यायला लागल्या. मी बोट दाखवायचो, त्या खूण करायच्या. सातला दहा मिनिटं असताना दहा झाल्या. अकराव्या नावापुढं तीन आठवडे चौकोन रिकामे होते. खाली हॉर्न वाजला. अंबुबाईंनी पेनाला टोपण लावलं.

फोन वाजला. एक रिंग. बंद.

नंबर नंजप्पाचा होता. तो आम्हा दोघांनाही पाठ झाला होता. अंबुबाईंनी लगेच भव्याला फोन केला. “पवित्रा आली होती का गं आज?” पलीकडून आलेलं उत्तर मलाही ऐकू आलं. नाही अक्का. आज पण नाही.

“चुकून लागला असेल,” मी म्हणालो. “का काही बोलायचंय त्याला? थांबा, मी लावून बघतो.” आणि फोनकडे हात नेला.

अंबुबाईंनी तळहात फोनवर ठेवला. “नको. परत तीच चूक.”

“मग रिंग का दिली त्यानं?”

“पोरगी घरी हाय म्हणून सांगतो.”

“ती घरातच होती! बाहेर पाठवलीच नाही त्यानं.”

“हो. राग हाय त्याचा. पण तुमच्या मोजणीतून तिला काढू नका म्हणतो. तेवढा म्हणतो, जास्ती नाही.” त्यांनी टोपण काढलं आणि पवित्राच्या नावापुढं खूण केली.

“अक्का,” मी म्हणालो. पहिल्यांदाच त्यांना अक्का म्हणालो. “शनिवारी पाठवेल का तो?”

“गोत्तिल्ला,” त्या म्हणाल्या. माहीत नाही. शाल खुर्चीच्या पाठीवर होती, पुष्पगुच्छ खाली जमिनीवर. खाली पुन्हा हॉर्न वाजला. त्यांनी वहीचं पान उलटलं आणि माझ्यापुढं हात केला.

“पट्टी द्या स्वल्प.”

मी माझी स्टीलची पट्टी दिली. त्यांनी सावकाश रेघा मारल्या, वर जानेवारी लिहिलं आणि अकरा नावं उतरवली. पवित्राचं सगळ्यांत वर. मग पेन खाली ठेवून गुडघे चोळत म्हणाल्या, “यशो थांबलाय खाली. त्याला जाऊन सांगा, पुढच्या महिन्यात म्हणून. मला आता दोनदा जिना चढउतार होत नाही.”

मी उतरलो आणि सांगितलं.